निळ्या शाईतली तीनशे अठरा पानं

गेल्या वर्षीच्या ऑक्टोबरातला पहिला शुक्रवार, संध्याकाळचे साडेपाच. ठरलेली रक्कम तीन हजार सहाशे रियाल. नऊ खोकी, खोक्यामागे चारशे. त्यातले बाराशे आगाऊ. हजर तिघं: अमेरिकन साहेब, मी आणि माझी बायको. जागा सौदीतल्या राबिघला साहेबांच्या व्हिलाचा हॉल.

साहेब आणि मी तेलसंकुलातल्या एकाच कंत्राटी कंपनीत. ते देखभालीचं नियोजन बघायचे आणि डिसेंबरअखेर निवृत्त होऊन मायदेशी जाणार होते. खोक्यांत त्यांच्या दिवंगत आईचे कागद होते. आई कादंबरीकार होती. सात कादंबऱ्या, सगळ्या आपल्याकडच्या एखाद्या तालुक्याएवढ्या मुलखावर: मका, नदी, पूर, चर्च, बांधावरची भांडणं. त्यांच्या राज्याबाहेर तिचं नाव फारसं कुणाला ठाऊक नाही, हे साहेबांनीच सांगितलं. घर विकल्यावर कागद ठेवायला जागा उरली नाही, म्हणून ते घरसामानाबरोबर इकडे आले आणि सहा वर्षं एका खोलीत पडून राहिले. आता तिकडच्या विद्यापीठाच्या ग्रंथालयाने ते मागितले होते. आधी यादी पाठवा, मग घ्यायचं की नाही ते ठरवू, अशी त्यांची अट. कागद लावून ती यादी करायचं काम साहेबांनी मला दिलं.

एक गोष्ट मला त्या दिवशी माहीत नव्हती. ती इथेच सांगतो, नाहीतर पुढचं नीट कळणार नाही. आईची दुसरी कादंबरी सगळ्यांत गाजलेली. ती तिने लिहिलीच नाही, गावच्या वर्तमानपत्राच्या संपादकाने लिहून दिली, असं गावात बोललं जायचं. त्याने ती टाइप करून दिली होती, एवढंच खरं. आईने त्यावर जन्मभर तोंड उघडलं नाही. साहेबांना आईचं उत्तर ग्रंथालयात ठेवायचं होतं, म्हणजे तिच्या हातचा खर्डा. खर्डे जपा असं त्यांनी मला वेगळं सांगितलं नाही. हे सांगावं लागेल असं त्यांना वाटलंच नाही.

मी बावीस वर्षं डॉक्युमेंट कंट्रोलमध्ये आहे. कारखान्याच्या प्रत्येक नकाशाला नंबर असतो आणि आवृत्तीचं अक्षर असतं. नवी आवृत्ती आली की जुनीच्या सगळ्या प्रती परत मागवायच्या, मोजायच्या, नोंदवायच्या आणि मशीनमध्ये घालून त्यांचा चुरा करायचा. लोकांना हे कारकुनी वाटतं. इथे आल्यावर दुसऱ्याच वर्षी, दुसऱ्या एका ठिकाणी, गुहागरकडच्या एका फिटरने नकाशा बघून व्हॉल्व्ह उघडला. त्याच्या हातात आवृत्ती बी होती, चालू होती डी. त्याचे हात मी दवाखान्यात पाहिले. तेव्हापासून खोलीत जुनी प्रत पडलेली असली की मला स्वस्थ बसवत नाही.

तीन फेऱ्यांत खोकी माझ्या फ्लॅटवर आणली. सहा आठवडे, शुक्रवार-शनिवार, हॉलमध्ये चटई टाकून आम्ही दोघं बसायचो. गंजलेल्या टाचण्या बायको काढायची. पत्रं मी वर्षवार लावायचो. मुलीची बारावीची परीक्षा मार्चमध्ये, म्हणून तिला यात घेतलं नव्हतं. ती जाता-येता फक्त "सो मच डस्ट" म्हणायची.

दुसऱ्या कादंबरीचे चार संच निघाले. तीन हाताने लिहिलेले, एक टाइप केलेला, स्वच्छ. शेवटचा हाताचा संच निळ्या शाईत, तीनशे अठरा पानं, पानापानावर खोडाखोड.

"अहो, हे बघा," बायको म्हणाली. "बाईने एकच वाक्य पाच वेळा खोडलंय. आणि सहाव्यांदा पहिलंच परत लिहिलंय."

मी म्हटलं, म्हणूनच टाइप केलेलं ठेवायचं असतं.

"लग्नाच्या पत्रिकेत तारीख चुकली तेव्हा सगळ्या जुन्या पत्रिका तुम्ही स्वतः बसून फाडल्या होत्या. आमचे मामा एक ठेवायला मागत होते आठवण म्हणून. दिली नाहीत." मग ती म्हणाली, "पण हे दुसऱ्याच्या आईचं आहे. विचारा तरी."

विचारलं. म्हणजे ईमेल केला, ऑफिसच्या भाषेत: जुन्या आवृत्त्या नेहमीच्या पद्धतीने नष्ट करतो, अंतिम प्रत यादीत घेतो. साहेबांचं उत्तर चार मिनिटांत आलं. ओके, गो अहेड.

सातही कादंबऱ्यांचे जुने संच मिळून दोन हजार एकशे सेहेचाळीस पानं झाली. दोन गुरुवारी ड्युटी संपल्यावर पिशव्यांतून ऑफिसात नेली आणि कंपनीच्या मोठ्या मशीनमध्ये घातली. परवानगी घेतली नाही. नष्ट केल्याची नोंद मात्र रीतसर केली. कंपनीच्या छापील फॉर्मवर, प्रत्येक संच वेगळा: कुठली कादंबरी, किती पानं, हस्तलिखित की टाइप, शाई कुठली, पानावर तारीख असल्यास ती, खाली माझी सही. नऊ खोक्यांची सहा झाली. यादी बेचाळीस पानांची झाली आणि त्या कामाचं मला समाधान वाटलं, हेही लिहायला हवं.

यादी गेल्यावर अकराव्या दिवशी साहेबांचा फोन ऑफिसात आला. ग्रंथालयातल्या बाईंनी विचारलं होतं, दुसऱ्या कादंबरीचे हस्तलिखित खर्डे कुठल्या खोक्यात आहेत, यादीत दिसत नाहीत. तेव्हाच त्यांनी मला ती संपादकाची गोष्ट पहिल्यांदा सांगितली, अगदी हसत, पुरावा हातात असलेला माणूस सांगतो तशी. मी म्हटलं, संध्याकाळी येतो.

साहेब दारातच उभे होते. मी उभ्याउभ्याच सांगितलं. ते बसले.

"मला वाटलं तुम्ही झेरॉक्स म्हणताय," ते म्हणाले.

मी म्हटलं, नाही, मूळच.

"मी हो म्हटलं होतं."

त्यांनी मला शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं. हो म्हटलं होतं, हे खरंच होतं. तो ईमेल छापून माझ्या खिशात होता. तो मी बाहेर काढला नाही. न काढण्यात काही मोठेपणा नव्हता. त्यांनी आधीच म्हणून टाकल्यावर काढायला उरलं काय?

मग त्यांनी विचारलं, पाहिलं होतं का नीट? आईचंच अक्षर होतं? मी सांगितलं, हो. पत्रांचं आणि त्या पानांचं अक्षर एक. वर्षवार लावताना मी दोन्ही शेजारी ठेवली होती. आणि नष्ट केल्याची नोंद आहे. साहेबांनी मान वर केली. "त्या दिवशी केलेली? सहीसकट?"

त्यांना ती हवी होती. मी पाहिलं, मीच नष्ट केलं, असा माझा सहीचा जबाब आणि सोबत ती नोंद. ग्रंथालयाला दुसरं दाखवण्यासारखं आता काही नव्हतं.

घरी येऊन बायकोला सांगितलं. तिने नेमकं नोंदीवरच बोट ठेवलं.

"तो फॉर्म कंपनीचा आहे. वर कंपनीचं नाव आहे."

"हो."

"म्हणजे कंपनीच्या मशीनवर बाहेरचे कागद फाडले, हे तुम्ही स्वतः लिहून देणार. इथे राहायचा इकामा कुणाच्या हातात आहे? तीन महिन्यांवर पोरीची परीक्षा आहे. साध्या कागदावर टाइप करून द्या ना तेच सगळं. आकडे तर तेच राहतील."

आकडे तेच राहिले असते, ती चुकीचं बोलत नव्हती. दुसऱ्या दिवशी ऑफिसात मी तसं टाइपही केलं. वीस मिनिटांचं काम. खाली तारीख घालताना थांबलो. आजची घातली, तर तो आज आठवून लिहिलेला कागद झाला. त्याला कोण विचारतो? मागची घातली, तर खोटा कागद झाला. असे कागद पकडण्याचाच मी बावीस वर्षं पगार घेतला आहे. आणि साहेबांच्या आईवर आधीच एक आळ होता, की तिच्या नावाचं काम दुसऱ्याच कुणी टाइप केलं.

तो टाइप केलेला कागद मी नष्ट केला. मग मूळ नोंद घेऊन आमच्या मॅनेजरकडे गेलो. तो सौदी, माझ्याहून दहा वर्षांनी लहान, कागदांच्या बाबतीत कडक. त्याने ऐकून घेतलं आणि दोनच प्रश्न विचारले: कंपनीचा एखादा कागद त्यात गेला का, आणि हे मला आधी का सांगितलं नाहीस. पहिल्याला मी नाही म्हटलं आणि नोंद पुढे ठेवली. त्याने नोंदीची प्रत न्यायला लेखी परवानगी दिली आणि त्याच पानावर खाली माझी शिक्षा लिहिली. घरी बायकोने शिक्षेचा आकडा ऐकला, "नोकरी आहे ना?" एवढंच विचारलं आणि पोळ्या करायला उठली. दोन दिवस ती माझ्याशी कामापुरतंच बोलली.

जबाब दोन पानांचा झाला. मी पाहिलं ते लिहिलं. एक वाक्य पाच वेळा खोडलं होतं हेही लिहिलं, पण वाक्य काय होतं ते मला आठवेना. बायकोलाही आठवेना. फक्त त्यात नदीचं पाणी होतं एवढं ती म्हणाली. ते जबाबात घातलं नाही, कारण ते मला स्वतःला आठवत नव्हतं.

सहा खोकी डिसेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात गेली. ग्रंथालयाने ती घेतली. जबाब आणि नोंद कागदांबरोबर ठेवू, पण त्यावरून खर्डा कुणाचा होता हे आम्ही ठरवू शकत नाही, असं त्या बाईंनी कळवलं. साहेबांनी ते पत्र मला पुढे पाठवलं, वर स्वतःचा एक शब्दही न लिहिता. निरोपाच्या दिवशी कंपनीच्या गेटवर त्यांनी माझ्याशी हात मिळवला. इतरांशी मिळवला तसाच.

आगाऊ घेतलेले बाराशे रियाल मी आदल्याच दिवशी साहेबांना परत दिले, त्यांनी ते न मोजता घेतले. उरलेले चोवीसशे मी मागितले नाहीत आणि त्यांनी देऊ केले नाहीत. शिक्षेचा पाच दिवसांचा पगार, नऊशे पस्तीस रियाल, जानेवारीत कंपनीला गेला.