यंदाचे अठ्ठेचाळीस रुपये

आमच्या ह्यांचा स्वतःच्या सावलीवरही विश्वास नाही. देवळाली कॅम्पात लष्कराच्या रेशन स्टोअरमध्ये तीस वर्षं काढली, तेव्हापासूनची ही खोड. भाजीवाल्यानं तोललेली भेंडी घरी आणून पुन्हा तोलतात. मला मेलीला लाज वाटते, ह्यांना नाही.

निवृत्तीचे आठ लाख बँकेत होते. आम्हा दोघांचं म्हातारपण त्यावरच. एक दिवस भाचा सनी मोबाइल नाचवत आला. "मामा, चारशेचा शेअर, डिव्हिडंड जाहीर झालाय अठ्ठेचाळीस रुपये. बारा टक्के! बँक काय देते?"

"मागची पाच वर्षं दाखव," हे म्हणाले.

दर वर्षी आठ रुपये, आणि यंदाच एकदम अठ्ठेचाळीस. झालं! दोन दिवस चष्मा लावून ह्यांनी कंपनीचे कागद वाचले. कंपनीनं जुनी जागा विकली होती. त्यातले चाळीस रुपये विशेष डिव्हिडंड म्हणून फक्त या वेळी वाटणार होते.

"दिवाळीला साखरेचा जादा कोटा येतो. तो दर महिन्याचा धरला तर जवानांना फिका चहा प्यावा लागेल," हे मला म्हणाले. "खरा डिव्हिडंड आठच, म्हणजे दोन टक्के. आणि चाळीस वाटले की शेअरचा भावही तेवढा उतरणार. पोरगा कमिशन खातोय, विमल. काही बोलू नकोस, बघू किती थापा मारतो."

खरं सांगते, मलाही त्याचा गोड आवाज खटकत होता. सनी आणखी दोनदा आला. आम्ही चहा पाजला आणि गप्प बसलो.

वर्ष उलटलं. परवा त्याची बायको चैताली बाळाला घेऊन आली. डोळे रडून सुजलेले. सनीनं साठवलेले चार लाख त्याच शेअरमध्ये घातले होते. दर वर्षी अठ्ठेचाळीस हजार येणार, म्हणजे महिन्याला चार हजार, म्हणून हिनं गंगापूर रोडवरच्या दुकानातली अर्ध्या दिवसाची नोकरी सोडली. यंदा आले आठ हजार. दुकानात आता दुसरी मुलगी आहे.

"त्याला कमिशन किती मिळालं?" ह्यांनी विचारलं. अजूनही तेच! असा राग आला मला.

"कसलं कमिशन, मामा? आपल्याला मिळतंय तर मामालाही मिळू दे, एवढंच म्हणत होता तो."

"ते आठच आहेत, हे मला तेव्हाच कळलं होतं," हे पुटपुटले.

चैताली बघतच राहिली. "मग त्याला सांगितलं का नाही, मामा?"

ह्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी मान खाली घातली.