किल्ली कचेरीत होती

अर्धी वाट सरली तरी आत्याने खांद्यावरची साखळी खाली ठेवली नव्हती. जाडजूड, गंजलेली, एका टोकाला नावेच्या नाकाचं फळकूट लटकलेलं, आणि कुलूप अजून जसंच्या तसं. वादळाने रस्ता खाल्ला होता, बस बंद होती, आणि बंदराची कचेरी पार दुसऱ्या टोकाला.

"दे आत्या, थोडा वेळ मी घेते," भाची म्हणाली. ती शाळेत शिकवायची.

"तू खडू उचल. हे माझं."

आत्या बाराव्या वर्षापासून दोर वळत होती. तळहात असे की उकळतं पातेलं फडक्याशिवाय उतरवायची. नवरा लवकर गेला तेव्हा लोकांनी विचारलं, आता कशी जगशील? म्हणाली, "दोर वळून. गळफास सोडून सगळ्याला दोर देते." वस्तीतल्या नावा तिच्याच दोरांनी धक्क्याला बांधलेल्या असत, आणि रीतही तिचीच: दोन पुरुष, म्हणजे दोन माणसांच्या उंचीइतकी, ढील ठेवायची. पाणी चढलं की नाव चढली पाहिजे.

यंदा बंदराच्या साहेबाने दोर बंद केले. नावा चोरीला जातात म्हणे! प्रत्येक नावेला आखूड साखळी, साखळीला कुलूप, किल्ल्या कचेरीत. आत्या भांडायला गेली तर साहेब हसला, "मावशी, दोर खपवायचेत असं सांगा की!" वस्तीही मूग गिळून बसली.

वादळाच्या दुपारी पाणी धक्क्यावर चढलं. नावांना चढता येईना. किल्ल्या कचेरीत, साहेब शहरात. लोकांच्या डोळ्यांदेखत एकोणीस नावा नाक खाली घालून बुडाल्या. वाचली एकच, आत्याची चिमुकली होडी. ती नोंदीत धरण्याइतकी मोठी नव्हती, म्हणून दोरानेच बांधलेली.

आणि काल कचेरीच्या कारकुनाने वस्तीत अहवाल वाचून दाखवला: कुजक्या दोरांमुळे नावा बुडाल्या, सबब नव्या नावांनाही साखळी सक्तीची. वर तो कागद आत्याच्या नाकासमोर फडकवला.

"वादळ देवाने दिलं," आत्या चालता चालता म्हणाली. "त्याच्याशी माझं भांडण नाही. पण कुलूप काय त्याने लावलं? वर माझा दोर कुजका! मेल्यांनी कधी हात तरी लावलाय का दोराला?"

भाची मनातल्या मनात देवाचं नाव घेत होती. वादळानंतर सगळी वस्ती शाळेत आसऱ्याला असताना हाच कारकून आला होता. "बाई, साक्षीदार म्हणून सही करा, तंबू आजच पाठवतो." पोरंबाळं ओल्या फरशीवर निजत होती. कागद कोरा होता. तिने सही केली होती.

कचेरीच्या पायरीवर आत्याने साखळी आपटली.

"त्या कागदाखाली तुझी सही आहे."

"तुला कोणी सांगितलं?"

"मला वाचता येत नाही, पण तुझ्या सहीची शेपटी ओळखते. लहानपणापासून दोराच्या टोकासारखी सुटी सोडतेस."

"आत्या, कागद कोरा होता गं..."

"म्हणून तर जास्त राग आला. भरलेल्यावर केली असतीस तर म्हटलं असतं, पोर भ्याली." तिने पदराने घाम पुसला. आवाज जरा खाली आला. "आयुष्यात तुझ्याकडे काही मागितलं नाही. आज मागते. आत चल. तो कागद साहेबासमोर मोठ्याने वाच, मागच्या बाकाला ऐकू जाईल असा. मग आपल्या हाताने सही खोड. तोवर ही साखळी मी त्याच्या टेबलावर धरून ठेवते."