मास्तरच्या जबड्यातले खडे

आमच्या शेजारचा शिंपी, ज्याला सगळे मास्तर म्हणतात, तो मुळातच कमी बोलतो. ओठांत कायम चारसहा टाचण्या धरलेल्या, बोलणार कसा? गेल्या वर्षी मात्र त्याचं खाणंही बंद व्हायची वेळ आली. पहिला घास घेतला की उजव्या जबड्याखाली लिंबाएवढी गाठ यायची, कळ पार कानात जायची. तासाभरानं गाठ आपोआप बसायची.

"जेवायला बसले की यांचा बेडूक होतो," बायको म्हणायची. हसायची, पण नजर त्या गाठीवरून हलायची नाही.

सोनोग्राफी झाली. लाळेच्या नळीत खडा, नऊ मिलिमीटरचा. सर्जन म्हणाला, "एवढा मोठा तोंडातून ओढता येणार नाही. मानेवरून कापून लाळेची ग्रंथीच काढावी लागेल. क्वचित कुणाचा खालचा ओठ वाकडा राहतो."

मास्तरचा हात ओठाकडं गेला. वाकड्या ओठात टाचण्या कुठून राहायला? रात्रंदिवस तेच डोक्यात. दोन दिवसांनी तो बायकोला घेऊन पुन्हा दवाखान्यात गेला.

"साहेब, गिऱ्हाईक कागदावर माप लिहून आणतं, त्यावर मी कात्री लावत नाही. माणूस उभा करून परत टेप लावतो. माझंही एकदा परत मोजा."

बायकोनं कपाळाला हात लावला. "अहो, ते काय तुमचा पायजमा शिवतायत?"

सर्जन मात्र हसला नाही. "बरोबर आहे यांचं. सीटी स्कॅन करू, जबड्याच्या बारीक बारीक कापांचे फोटो घेऊन."

सीटीच्या मशीनमध्ये मास्तर आडवा झाला. गिळू नका म्हटलं, की नेमकी तेव्हाच तोंडात लाळ सुटते! पठ्ठ्या दगडासारखा पडून राहिला.

नंतर तिथल्या डॉक्टरीणबाईंनी दोघांना पडदा दाखवला. करड्या जबड्यात पांढरे ठिपके, एक सोडून दोन. "एकामागे एक अडकलेत. सोनोग्राफीत मधली फट दिसली नाही, म्हणून एकच लांब खडा वाटला. हा चार मिलिमीटरचा, हा तीनचा. जिभेखालून बारीक दुर्बीण घालून तारेच्या जाळीत धरता येतील."

"म्हणजे मान कापायची नाही?"

"नाही."

मास्तर तिथल्या स्टुलावर मटकन बसला. बायको म्हणाली, "आता कशाला बसताय? उठा!" आणि स्वतःच भिंतीला टेकली.

खडे निघाले. आठवड्यानं मास्तर पोटभर जेवायला बसला. तिसऱ्यांदा ताट पुढं केलं तशी बायको ओरडली, "बास की आता, पोट फुगेल!"

"फुगू दे," मास्तर म्हणाला, "जबडा तर नाही ना फुगत. वाढ."