मकासरेंची चुन्याची भिंत

अंधेरीत मार्केटच्या मागच्या गल्लीत स्कॉटलंडच्या मिशनऱ्यांनी बांधलेलं आमचं प्रेसबिटेरियन चर्च होतं. आम्ही त्याला देऊळच म्हणायचो. आत मूर्ती नाही, चित्र नाही, वेदीसुद्धा नाही. मधोमध उपदेशासाठी उंच सागवानी पुलपिट, कारण आमच्यात मान देवाच्या वचनाला. वर छप्पर पेलणाऱ्या सागाच्या नऊ कैच्या, त्यांची टोकं दोन्हीकडच्या दगडी भिंतींत बसवलेली.

पॉल मकासरे तिथले राखणदार. एकतीस वर्षं आवारातल्याच खोलीत राहिले. नाताळाआधी पिंपात चुनकळी भिजवायची, त्यात गूळ घालायचा आणि बाहेरून सगळ्या भिंतींना स्वतः हात मारायचा. शिक्षण चौथी, पण त्या इमारतीचा दगडन् दगड ओळखायचे.

रस्तारुंदीत देऊळ जाणार होतं, ते मी वाचवलं. मोर्चे काढले, पालिकेच्या साहेबांच्या केबिनबाहेर ठाण मांडलं. त्याची मिजास होती मला. शंभरावं वर्ष आलं तेव्हा मीच ठरवलं, भिंतींना सिमेंटचं प्लास्टर करायचं. पुन्हा कुणी मोडकळीला आलंय म्हणायला नको.

सभेत मकासरे उभे राहिले. "भाऊ, सिमेंट नको. ओल आतच कोंडेल, लाकूड खाईल."

"मकासरे, तुम्ही झाडू मारा ना! इंजिनियरी मला नका शिकवू."

सगळी मंडळी हसली. पाळकसाहेबही हसले. मकासरे खाली बसले.

मागच्या भिंतीला परांची बांधायला जागा नव्हती, म्हणून तेवढी सुटली. तिला मकासरे शिडीवरून चुनाच लावत राहिले.

प्लास्टरनंतर सहाव्या वर्षी एक कैची खचली. देऊळ बंद झालं, मकासरेंची खोलीही गेली. छप्पर उतरवलं तेव्हा मी तिथेच होतो. रस्त्याकडची नऊच्या नऊ टोकं चहात बुडवलेल्या बिस्किटासारखी हातात आली. मागच्या भिंतीतली सुताराने ठोकून पाहिली. खणखणीत.

मी गोरेगावला गेलो, त्यांच्या लेकीकडे, लविनाकडे. "माझं चुकलं," म्हणालो. हा शब्द माझ्या तोंडून सहसा निघत नाही.

लविना तडकली. "इथे कशाला सांगता? जे हसले त्यांच्यासमोर सांगा की!"

"गप गं," मकासरे म्हणाले. मग माझ्याकडे न बघता, "तुम्ही ओरडलात त्याचं सोडा. मी खाली बसलो कशाला, तेच डोक्यातून जात नाही."

रविवारी शाळेच्या हॉलमध्ये उपासना होती. मी उभा राहून सगळं सांगितलं. कुणी हसलं नाही. मकासरे आलेच नव्हते.