रागिणीचा हात

रागिणी माझ्यापेक्षा चांगली डॉक्टर आहे, हे आधीच सांगून टाकतो. नागपूरला आम्ही एका वर्गात होतो. शस्त्रक्रियेच्या पेपरात मी एकदा नापास झालो, ती पहिली आली आणि पुढे अकोल्याला त्याच विषयात एम.व्ही.एस्सी. झाली. आज ती परतवाड्याकडच्या एका सरकारी दवाखान्यात आहे आणि मी आमच्या हिवरखेडात मोटारसायकलला बॅग अडकवून फिरतो. दोघांनाही गाव ढोरांचे डॉक्टर म्हणतं. बोलावतं मात्र मला.

आमच्याकडे गोऱ्हा बडवायचा, म्हणजे खच्ची करायचा, तो बाप्यानंच. बाईच्या हातानं बडवलेला बैल जुवाखाली बसतो म्हणतात. असा बैल कोणी पाहिला ते विचारू नका. एकाही बाईला कधी कातडीवरून नस चेचायचा चिमटा धरू दिला नाही, तर बैल बसेल कुठून? रागिणीच्या दवाखान्यात लोक गोऱ्हा घेऊन येतात आणि तिलाच विचारतात, "डॉक्टर कुठी हायेत?" मग चिमटा दाबतो शिपाई आणि रजिस्टरात सही करते ती. सात वर्षं हेच चाललंय. तिच्या जागी मी असतो तर तो चिमटा एखाद्याच्या टाळक्यात घातला असता.

चांद्या हा हिवरखेडातच राहणाऱ्या तिच्या वडिलांच्या, खुशालरावांच्या कोठ्यातला गोऱ्हा. जन्माच्या वेळी गाईच्या पोटात आडवा होता. रागिणीनं खांद्यापर्यंत हात घालून त्याला वळवला आणि जिवंत बाहेर काढला. त्या दिवशी बाईचा हात कोणाला खुपला नाही, बाळंतपणच ते. वासराला पुसता पुसता ती म्हणाली, "बाबा, मोठा झाला का याले मीच बडवीन."

खुशालराव म्हणाले, "पाहू."

उभ्या वऱ्हाडात 'पाहू' म्हणजे नाही. एवढ्या हुशार पोरीला ते कळू नये? पण बापाच्या तोंडचा शब्द होता, तिनं तो दोन वर्षं जपून ठेवला.

मागच्या हिवाळ्यात ती ग्रीसला गेली. तिथल्या एका बेटावर भटक्या मांजरांची नसबंदी करायला स्वयंसेवक डॉक्टर हवे होते. पंधरा दिवस, स्वतःच्या रजेत. गाव हसलं. पारावर विचारणा झाली, "मांजरी कापाले इमानानं जाते काय कोणी?" निघताना तिनं बापाला बजावलं, "चांद्याचं थंडीतच करू, सूज लवकर उतरते. मी आली का लगेच."

बेटावर शाळेच्या वर्गात टेबलं मांडली होती. तिनं एकटीनं दोनशे चौदा मांजरी केल्या. मादीचं पोट बोटभर उघडायचं, आतलं काढायचं, शिवायचं आणि खूण म्हणून डाव्या कानाचं टोक कापायचं. फोनवर ती इतकं बोलली, जितकं कॉलेजनंतर कधी बोलली नव्हती.

"एक म्हातारी रोज उशीच्या खोळीत मांजर घालून आणते रे. माह्याच टेबलापाशी उभी राह्यते. दुसऱ्याच्या हातात देत नाई." मग एकदम रडायला लागली.

"काहून रडून राहिली?"

"काई नाई. इथं कोणी विचारत नाई, डॉक्टर कुठी हाये म्हणून."

त्याच आठवड्यात खुशालराव माझ्या दारात आले. "चाल किशोर, चांद्याले उरकून टाकू. पोरगी वापस याच्या आधी."

"काकाजी, तिले वाईट वाटन."

"वाटन त वाटन. बैल जुवाखाली बसला त वखर तू वढशीन काय?"

मी नाही म्हणू शकलो असतो. गावात धंदा करायचा आहे, म्हातारा माणूस दारात आलाय, अशी कारणं मी स्वतःला पुरवली. खरं म्हणजे मला बरं वाटलं. वर्गात पहिली आलेली पोरगी सोडून तिच्या बापानं मला बोलावलं होतं. गेलो आणि चिमटा दाबून आलो.

ती परतल्यावर ग्रामपंचायतीनं शाल-श्रीफळ दिलं. पिकतं तिथं विकत नाही, पण बाहेर विकलं की टाळ्या वाजवायला आम्ही सगळ्यांच्या पुढे. खुशालरावही पहिल्या रांगेत होते. तिथून ती घरी गेली ती थेट कोठ्यात, आणि तिला चांद्याची सूज दिसली. तिची आई कौशल्याकाकू मागून म्हणाल्या, "तुह्या बाबाचा सभाव तुले मालूम हाये."  त्या दिवशी रागिणी जेवली नाही, एवढं काकूंनी मला नंतर सांगितलं.

दीड महिन्यानं चांद्या गाईवर चढायला लागला. खुशालरावांनी मला बोलावलं. रविवार होता, रागिणी घरीच होती. तिनं खाली बसून हात लावून पाहिलं आणि माझ्याकडे न बघता म्हणाली, "डावी नस सुटली."

खरं होतं. मी घाईत दाबला होता.

तिनं माझ्या बॅगेतून चिमटा काढला. "बाबा, सरका. एका मिनिटाचं काम हाये."

खुशालराव हलले नाहीत. "किशोरले दे."

"त्यानंच चुकवलं, बाबा."

"चुकवलं त चुकवलं. बाप्याच्या हातानं चुकू दे."

 मला वाटलं, चिमटा फेकून निघून जाईल. तिनं तो माझ्या हातात दिला, पुन्हा खाली बसली, दोन बोटांत नस धरून एका बाजूला घट्ट रोखली. "इथं. तिरपा नको धरू. आता दाब." मी दाबला. चांद्या हंबरला. ती हळू आवाजात साठपर्यंत मोजत राहिली, मग म्हणाली, "सोड."

खुशालरावांनी माझ्या पाठीवर थाप मारली. "पाह्य, याले म्हणते हात. एका झटक्यात काम."

रागिणी तिथंच बादलीत हात धूत होती. मी काय सांगायला हवं होतं, ते मला ठाऊक होतं.

मी म्हणालो, "सवय हाये ना काकाजी."