सून कुठल्या गावात मोजायची?

घरोघरी माणसं मोजायचं काम आमच्या शाळेवर आलं, तेव्हा मला वेशीकडची गल्ली मिळाली. कर्नाटकातल्या आळंद तालुक्यातलं आमचं गाव. अर्ज कानडीत, गल्ली मराठीत. मी प्रश्न वाचायची कानडीत, विचारायची मराठीत आणि उत्तर मोबाइलमध्ये पुन्हा कानडीत भरायची. दोन दिवसांत गल्ली संपत आली. शेवटच्या घरात अडकले.

दारात म्हातारी तूर पाखडत बसली होती.

"माणसं किती, अक्का?"

"चार."

म्हातारी, बाजेवर पडलेला म्हातारा आणि त्यांचा लेक. तीनच भरली.

"चौथं कोण?"

"सून."

"कुठाय?"

"हाय की!" म्हातारीनं सूप जोरात आपटलं.

शेजारीण भिंतीवरून डोकावली. "म्हायेरला जाऊन बसलीय, बाई. दिवाळीपासनं."

"मग तिची नोंद तिकडंच होईल," मी म्हटलं.

म्हातारी उठूनच उभी राहिली. "तितं लिवली की गेलीच म्हना! सरकारी कागदावर न्हाई, म्हंजी घरात न्हाई. चार लिवा."

 मी स्कूटी काढली. माहेर पाच-सहा किलोमीटरवर होतं.

तिथं अंगणात त्या गावचे मोजणीवाले मास्तर बशीतून चहा पीत बसले होते, आणि सुनेचं नाव अर्धं भरून झालं होतं.

"सर, ही आमच्या गावची," मी म्हटलं.

"टीचर, ही माझ्यासमोर उभी आहे. तुमच्याकडं काय उभं आहे?"

"हिचं रेशन आमच्याकडं आहे."

"जेवती इथं!"

सून हात पुसत पुढं आली. "मला कोन इचारायलंय का?"

मास्तरांनी माझ्याकडं बोट केलं, तशी ती माझ्याकडं वळली.

"बाई, तितं माझं काम काय लिवणार?"

"गृहिणी."

"झालं! ह्यावरनंच तर आले म्या. दोन म्हशींच्या धारा मी काढते, खुरपण मी करते, तुरीच्या राशीला मी. आन् सोयरे जेवायला बसले, तर ह्ये म्हनतेत, 'आमची घरीच असती, काय करत न्हाई.' ताट ठिवलं आन् पिशवी उचलली. शेतकरी लिवा, मग येते. पर आदी त्येनी सोताच्या तोंडानं सांगाय पायजे."

मास्तरांनी बशी खाली ठेवली. "टीचर, एवढं माझ्या अर्जात बसत नाही. तुम्हीच न्या."

परत येऊन मी निरोप दिला. लेकानं डोकं खाजवलं. "लिवा की मग. शेतकरी लिवा."

"मला नाही, तिला सांगायचंय."

त्या घराला रेंज मिळायची ती फक्त कडब्याच्या गंजीवर. तो वर चढला. पलीकडून नीट ऐकू येईना, म्हणून ओरडायला लागला. "आगं, तू शेतकरी हायस! व्हय, शेतकरी! म्या न्हाई, तू!" सगळी गल्ली दारात आली.

म्हातारीनं सूप बाजूला ठेवलं. "बाई, माझं काय लिवलंय?"

"गृहिणी."

"खोडा ते. ती शेतकरी, मग म्या कामून न्हाई? तिला खुरपं धरायला कोनी शिकवलं?"

मी खोडलं. तेवढ्यात लेक गंजीवरून उतरला, केसांत कडबा घेऊन. त्याला कामाचं विचारणार, तर म्हातारीच म्हणाली, "त्येचं ऱ्हाऊ द्या. काम हुडकायलाय म्हना."

"आई!" तो केसांतला कडबा झाडत म्हणाला. बाजेवरून म्हातारा पहिल्यांदाच हसला. शेवटी मी लेकालाही शेतकरीच लिहिलं. सून येईपर्यंत म्हशी त्यालाच काढायच्या होत्या.

दुसऱ्या दिवशी सकाळच्या जीपनं सून आली. ती कानडी शाळेत दहावीपर्यंत शिकलेली. माझा मोबाइल हातात घेऊन तिनं तो शब्द वाचला, मग बोट ठेवून सासूला दाखवला. सासूला अक्षर येत नव्हतं, तरी तिनं डोळे बारीक करून बराच वेळ बघितलं. "बरं लिवलंय," म्हणाली आणि चहा ठेवायला आत गेली.

मला वाटलं, सुटले. पण दुपारी शाळेच्या व्हरांड्यात गल्लीतल्या सात-आठ बाया येऊन बसल्या होत्या, सगळ्यांना आपापलं काम बदलून हवं होतं. गल्ली पुन्हा पहिल्यापासून फिरले.

तालुक्याला साहेबांनी माझी माहिती वरखाली करून पाहिली आणि कानडीत विचारलं, "काय हो, तुमच्या गल्लीत एकही गृहिणी नाही?"

"नाही सर," मी म्हटलं. "विचारूनच लिहिलंय."