आबांचा फ्लेक्स

कामशेतला फ्लेक्स छापणारा एक जण आहे. कुणी नट किंवा पुढारी दवाखान्यात असल्याची बातमी आली, की त्याचे डोळे चमकतात. फोटोला हार, खाली समई, वर 'भावपूर्ण श्रद्धांजली', असं सगळं कॉम्प्युटरवर जुळवून तो टीव्हीसमोर बसतो. "मशीनवर ठेवलंय म्हनं. आजचा दिस काय निघत न्हाई," असं मॅच बघितल्यासारखं सांगतो.

आमचे आबा, गावचे माजी सरपंच, आयसीयूत होते तेव्हा त्याचा रोज फोन यायचा. "भाऊ, आबा कसं हायेत?" मी "बरे आहेत" म्हणून लगेच फोन ठेवायचो.

आबा बरे झाले. वाढदिवसाला त्यानंच हौसेनं त्यांचा फ्लेक्स चौकात लावला. आबा खूश होऊन बघत राहिले. मला मात्र फोटोत त्यांच्या खांद्यावर झेंडूचं एक फूल दिसलं. हार पुसताना तेवढं राहून गेलं होतं.